दाजी, बॅटरी बसली

औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी पश्चिमेकडं फिरलं, अशी कथा आहे. मे महिन्यातल्या त्या रात्री त्याच औंढ्यात, देवळापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या घरगाडीतला पंखा काही माझ्यासाठी फिरेना. आई म्हणाली, "देवाचं नाव घे." घेतलं. पंखा ढिम्म.

घरगाडी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली व्हॅन. मीही शाळेतूनच निवृत्त, त्यामुळं आमचं जमलं. मेव्हण्यानं तिच्यात दोन बाकडी, एक छोटा फ्रिज, इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवर साठ्याची बॅटरी बसवली. "जर्मनीत लोक असेच फिरतात, दाजी." जगात जर्मनी, भारतात परभणी हे लहानपणापासून ऐकत आलोय. म्हटलं, आता पुरावाच देऊ.

परभणीला परत आलो आणि गल्लीतला प्रत्येक जण बॅटरीचा डॉक्टर निघाला. "पाणी बघितलं का?" बघितलं, प्लेटा उघड्या पडल्या होत्या. बायको फिल्टरचा जग घेऊन धावत आली, तिला वाटेतच अडवलं. डिस्टिल्ड वॉटरच लागतं. आमच्या बोअरचं पाणी पातेल्याला पांढरा थर देतं, ते बॅटरीला काय देईल! टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी होती. बॅटरी सोडवून त्यावर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतला, तसा फसफसून फेस आला. बॅटरीला पित्त झालं होतं म्हणायचं.

मग मल्टिमीटर आणला आणि मी बीपीचा पेशंट झालो. उठता-बसता मोजायचो. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. चार्जर काढल्या काढल्या मीटर १३च्या वर गेला, तेव्हा मी गल्लीला चहा पाजला. संध्याकाळी १२.१! काढल्या काढल्याचा आकडा फुगीर असतो. तीन-चार तास तिला नुसतं पडू द्यायचं आणि मग मोजायचं. कॉपीचे मार्क कोणते आणि खरे कोणते, हे बॅटरीच्या बाबतीत ओळखायला मला साठी उलटावी लागली.

प्रवासात इंजिनावरच मागची बॅटरी भरायची, म्हणून इंजिन चालू करून पाहिलं. पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट, मागच्या घराच्या बॅटरीवर १३.१. मधल्या पंधरा फुटांत एक व्होल्ट गडप! मंत्रालयातून निघालेलं अनुदान बांधावर पोचेपर्यंत जसं होतं, तसंच. मेव्हण्यानं घरातली उरलेली बारीक वायर ओढली होती. "वायर तर वायर असते की, दाजी." त्याच्या बहिणीकडं बघून मी गप्प बसलो.

जाड केबल टाकली, तरी बॅटरी उतरायचीच. शेवटी सगळं बंद करून बॅटरी आणि वायरीच्या मधे मीटर जोडला. सगळं बंद, तरी १.२ अँपिअर वाहतोय! एकेक फ्यूज उपसत गेलो. इन्व्हर्टरचा काढला आणि काटा शून्यावर. इन्व्हर्टरला काय लावलंय म्हणून शोधलं, तर आईच्या उशामागं जप म्हणणारी डबी. आवाज शून्यावर.

"आई, हे चालूच असतं?"

"आवाजानं झोप येत नाही म्हणून बारीक केला. देवाचं नाव कामून बंद करू?"

डबी बिचारी काहीच खात नाही. पण तिच्यासाठी इन्व्हर्टर रात्रंदिवस जागा, आणि तो नुसता जागायलाच एक अँपिअरच्या वर घेतो. दिवसाला जवळपास २९ अँपिअर-अवर! गाडी दारात उभी राहिली की पाच दिवसांत बॅटरी रिकामी, आणि पुढचे पंधरा दिवस तशीच. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, ते मग चार्जरलाही दाद देत नाहीत. त्यात पत्र्याच्या गाडीत परभणीचं ऊन. बॅटरीवरचे आकडे २७ अंश तापमान धरून दिलेले असतात. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो.

बॅटरीवाल्यानं लोड टेस्टर लावला, मान हलवली. "दोन सेल गेले, सर. भंगारात काय येईल तेवढं नवीनमधून कमी करतो."

आई हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन ओट्यावर आली. "सगळा उन्हाळा जप केलाय तिनं. भंगारात घालायलास?"

बॅटरीवाल्यानं आधी बॅटरीला हात जोडले, मग तिला काट्यावर चढवली.