स्लायडिंगशी माझं भांडण नाही, पण आधी टेप लावा

ताई, नमस्कार.

कपाटांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. नुसतं 'पटलं नाही' म्हणून सोडून न देता तुम्ही मुद्दे मांडलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमचा नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके आहे, बेडरूम दहा बाय दहा. उघडणाऱ्या पल्ल्यांचं कपाट बंगलेवाल्यांना परवडतं, फ्लॅटमध्ये स्लायडिंगला पर्याय नाही, हा पहिला आक्षेप. लोखंडी कपाटाचा सल्ला आजीच्या काळातला आहे, हा दुसरा. 'वर्षभर अंगाला लागलं नाही ते घराबाहेर' हा साधा नियम मी दिला नाही, म्हणजे मी पसारा जपायला शिकवते, हा तिसरा आणि सगळ्यात तिखट. शिवाय मिस्त्रीकडून घरी करून घ्यायचं की कारखान्यातून तयार येणारं मॉड्युलर, यावर मी गप्प का, हेही विचारलंत.

आधी दहा बाय दहा. दहा फूट म्हणजे १२० इंच. कपाटाची डेप्थ २४ धरली की उरले ९६. क्वीन साइज पलंग साधारण ६० बाय ७८ इंच. त्याचं डोकं समोरच्या भिंतीला आणि पाय कपाटाकडे केलेत, तर मधे १८ इंच उरतात. तेवढ्यात १८ इंची पल्ला उघडेलही, पण तुम्ही उभ्या कुठे राहणार? या मांडणीत तुमचंच खरं, स्लायडिंगच घ्या. पण तोच पलंग फिरवून डोकं बाजूच्या भिंतीला आणि लांब कड समोरच्या भिंतीला लावलीत, तर ९६ मधून ६० जातात आणि तीन फूट मोकळे राहतात. पल्लाही उघडतो, माणूसही उभा राहतो. तोटा एवढाच की भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. आणि नेमकं उत्तरेला डोकं येत असेल तर घरातली वडीलधारी मंडळी काय म्हणतील ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्लायडिंग जागा वाचवतं हे शोरूममध्ये सगळे सांगतात. ते किती खातं हे मात्र कुणी सांगत नाही. एकापुढे एक सरकणारे दोन पल्ले आणि ते ज्यावर सरकतात ते चॅनल यांत तीन-चार इंच जातात. म्हणजे बाहेरून २४ इंचाचं कपाट आतून २०चं. हँगरवर लावलेला पुरुषाचा शर्ट बाह्यांसकट २०-२१ इंच सहज घेतो. मग बाही पल्ल्याला घासत राहते, नाहीतर सगळे हँगर तिरके लावावे लागतात. म्हणून हँगर लावायचे असतील तर स्लायडिंगला २७ इंच डेप्थ मागा, आणि मिस्त्री 'चोवीसात बसतं की' म्हणाला तर त्याला तुमच्या यजमानांचा शर्ट नेऊन दाखवा.

ड्रॉवरची गोष्ट तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. इंदिरानगरमध्ये आमच्या ओळखीच्यांकडे सात फुटी स्लायडिंग कपाट झालं. चकचकीत काम, मधोमध तीन ड्रॉवर. पल्ला डावीकडे सरकवा की उजवीकडे, ड्रॉवरचा निम्मा भाग पल्ल्याआडच. चार बोटं बाहेर येतो आणि ठक्क करून पल्ल्याच्या कडेवर आपटतो. शेवटी ते ड्रॉवर काढून तिथे नुसत्या फळ्या टाकल्या. दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी निम्मंच कपाट उघडं पडतं, तेव्हा प्रत्येक ड्रॉवर पूर्णपणे एकाच पल्ल्याच्या हद्दीत हवा, पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे नको. कागदावर आधी पल्ले काढा, मग आतले कप्पे. बहुतेक ठिकाणी उलटं होतं.

आणि माझा मूळ मुद्दा हाच होता, ताई. पल्ला सरकतो की उघडतो हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, आत काय जाणार आहे? शर्ट, कुर्ते टांगायला वरपासून खालपर्यंत ४० इंच पुरतात, म्हणजे सात फुटांच्या उंचीत एकाखाली एक दोन रॉड बसतात आणि टांगायची जागा दुप्पट होते. लांब अनारकली किंवा गाऊन असेल तर एक खण पाच फुटांचा सोडावा लागतो, पण दोन ड्रेससाठी अख्खं कपाट पाच फुटी करू नका. घडीच्या कपड्यांचा कप्पा १० ते १२ इंच उंच बस्स. दीड फुटाचा केलात तर चळत उंच होते आणि खालची साडी ओढली की वरच्या सगळ्या अंगावर. फळीचंही तेच. १८ एमएमची प्लायची फळी तीन फुटांपेक्षा लांब ठेवली की कपड्यांच्या वजनाने मधे झोळ येतो, मधे आधार घ्या. आणि दोन फूट खोल फळीवर घड्या दोन रांगांत लागतात. मागच्या रांगेचा आपल्याला विसर पडतो. मग त्याच रंगाचा कुर्ता दुसऱ्यांदा घेतला जातो. घडीच्या कपड्यांना १६ इंच डेप्थ भरपूर झाली.

इथेच तुम्ही नाक मुरडलेलं लोखंडी कपाट येतं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि जेमतेम दीड फूट खोल. गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटं बनवायला घेतली, तेव्हापासून त्याचा आकार फारसा बदललेला नाही आणि बदलायची गरजही कुणाला वाटली नाही. वाळवी लागत नाही. भाड्याचं घर बदललं की टेम्पोत चढतं, आणि जुनं झालं तरी गिऱ्हाईक मिळतं. प्लायचं कपाट भिंतीवरून काढा, अर्धे पैसे तिथेच गेले. लोखंडी कपाटाचा एकच शत्रू, फरशी पुसताना पायांशी साचणारं पाणी. पायांखाली रबरी बूच लावा, गंज लांबतो.

आपल्या जिल्ह्यात त्याचं आणखी एक कारण आहे. येवला आपलंच, त्यामुळे बहुतेक घरांत एखादी तरी पैठणी असतेच. लाकूड आणि त्यापासून केलेल्या बोर्डांतून आम्लाच्या वाफा हळूहळू बाहेर पडतात. रेशीम आणि जर, दोघांनाही त्या मानवत नाहीत. संग्रहालयांत जुनी वस्त्रं ठेवायला पावडर कोटिंगची लोखंडी कपाटं पसंत करतात ती यामुळेच. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळा. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच रेषेवर जर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. मी वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवते, वास थोडा उग्र येतो पण कसर फिरकत नाही.

आता तुमचा वर्षभराचा नियम. तो मी दिला नाही, आणि पुढेही देणार नाही. ऑफिसचे शर्ट, मुलांचे टी-शर्ट, जीन्स यांना तो चालतो. मुलाला आखूड झालेली पँट ठेवून काय करायचंय, बोहारीण आली की द्या आणि पातेलं घ्या. पण पैठणी वर्षाकाठी एखाद्या लग्नात निघते, एखाद्या वर्षी तेही नाही. ती काय टाकायची? डिसेंबरात निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आपल्याकडेही रजया निघतात आणि फेब्रुवारीत परत जातात. एखादा हिवाळा सौम्य गेला म्हणून रजई बाहेर काढायची का? आणि २०१५च्या सिंहस्थात घरोघरी पाहुणे जमिनीवर झोपले होते, ते २०२७ला परत येणार आहेत. तुमच्या नियमाने जास्तीच्या गाद्या एव्हाना दहा-अकरा वेळा टाकून व्हायला हव्या होत्या. वापर किती वेळा होतो हे पाहून जागा ठरवा, ठेवायचं की टाकायचं ते नव्हे. रोजचं कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत. मोसमी ते लॉफ्टवर किंवा बॉक्स बेडमध्ये, त्यातही जड गाद्या खालीच, शिडीवर उभं राहून गादी ओढायची हौस कुणाला नसते. क्वचितचं पण मोलाचं कुलपात.

तरीही पसारा होतोच म्हणाल, तर हो, होतो. आमच्याकडेही एक खुर्ची आहेच, अर्धवट घातलेल्या कपड्यांची. त्यासाठी पल्ल्याच्या आत चार हुक लावले आहेत. स्लायडिंगला ते लावता येत नाहीत, हे जाता जाता.

मिस्त्री की मॉड्युलर, यावर गप्प होते कारण उत्तर बोर्डावर आहे, माणसावर नाही. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त कपाटांचा बॉक्स, म्हणजे पल्ल्यांमागचा सांगाडा, बहुधा पार्टिकल बोर्डाचा, लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डाचा असतो. कडा मशीनवर बंद केलेल्या असतात, दिसायला मिस्त्रीच्या कामापेक्षा सुबक. पण कडेतून पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही, बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात घट्ट बसत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, पल्ल्यांना ठीक, बॉक्सला नको. बॉक्सला आयएस ३०३ या मानकाचा, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) ग्रेडचा प्लाय घ्या आणि शीटवरचा आयएसआयचा शिक्का कापायच्या आधी स्वतः पाहा. बेडरूमला ७१० नंबरचा मरीन प्लाय लागत नाही, दुकानदार भरीस घालतील. महिनाभर घरात भुसा उडेल ते मात्र सोसावं लागेल. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी मॉड्युलरच घ्यावं, पण प्लायचा बॉक्स लेखी मागून.

इगतपुरीच्या पाव भागही पाऊस येवल्याला पडत नाही, तेव्हा ओल प्रत्येकाची वेगळी. तुमच्याकडे पावसापेक्षा बाथरूमची भिंत जास्त त्रास देईल. कपाटाची पाठ त्या भिंतीला येत असेल तर मागे इंचभर फट सोडा, पाठीच्या प्लायला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून घ्या आणि कपाट जमिनीपासून तीन-चार इंच उचलून बसवा. ती भिंत कुठली आणि खोलीचं दार कुठल्या कोपऱ्यात उघडतं हे कळवलंत तर पलंग फिरवता येईल की नाही ते मी कागदावर काढून पाठवते. तोवर मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नका.