इशापूरची रायफल, ओहायोचं दुकान

मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला आणि त्यानंतर बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. कमरेला पिस्तूल खोचून काढलेल्या रील्स फिरल्या, प्रशासनाने काही परवाने रद्द केले, विषय थंडावला. आमच्या अंबाजोगाईच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मात्र तो आजही थंड व्हायला तयार नाही. अर्धे म्हणतात, सगळ्यांनाच द्या परवाने, अमेरिकेत बघा. उरलेले म्हणतात, अमेरिकेसारखं करायचंय का, तिथे भाजीबरोबर बंदुका मिळतात. मग दोन्ही बाजू मला टॅग करतात. जसा काही मी बायडेन-ट्रम्पांचा कुलमुखत्यार.

भाजीबरोबर नाही मिळत. मासे धरायच्या गळांशेजारी मिळतात.

अमेरिकेत मी राहतो त्या ओहायोतल्या डेटनच्या बाहेर हायवेलगत एक दुकान आहे. पुढे कयाक, मधे हरणांच्या शिकारीच्या हंगामाची जॅकेटं आणि मागच्या भिंतीला जुन्या लष्करी रायफलींचा रॅक. त्यात रशियन मोसिन असते, कधी माउझर असते. शेजारच्या आजोबांना या जुन्या लोखंडाचं वेड. टूल-मेकर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, हात अजून स्थिर. त्यांच्याबरोबर गेलो असताना रॅकमध्ये एक ओळखीची आकृती दिसली. आखूड, बोथट नाकाची, एनसीसीच्या कॅम्पात खांदा सुजवणाऱ्या थ्री नॉट थ्रीसारखी. हातात घेतली, तर मुठीजवळच्या पोलादावर अशोकाचे सिंह, खाली आर.एफ.आय., ७.६२ एमएम, २ए१ आणि १९६७.

आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. बंगालमध्ये, हुगळीच्या काठी. बासष्टच्या युद्धात आपला जवान अजून बोल्ट मागेपुढे करत थ्री नॉट थ्रीच चालवत होता. त्यानंतर इशापूरने तीच जुनी बांधणी ठेवून, पोलाद बदलून, तिच्यात नाटोची ७.६२ ची गोळी बसवली. मॅगझिन चौकोनी झालं, बारा गोळ्यांचं. सुरुवातीच्या २ए वर मागची साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, दोन हजार मीटरपर्यंत आखलेली होती. २ए१ मध्ये ती आठशेवर आणली. कुणीतरी शहाण्याने विचारलं असणार, दोन हजार मीटरवरचं उघड्या डोळ्यांनी दिसतं कुणाला?

आजोबांनी ती अर्धा तास तपासली. आधी नंबर. रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धडावरचा, आणि बोल्टवरचा एकच आहे ना, कारण या रायफलीत बोल्ट ज्याचा त्यालाच घासून बसवलेला असतो आणि दुसरीचा लावला तर भरवसा नाही. मग बोल्ट बाहेर काढून नळीत टॉर्च. गोळीला फिरकी देणारे आतले पेच धारदार आहेत की खड्डे पडलेत? नळीच्या तोंडात गोळीचं टोक घालून ती किती आत जाते ते पाहिलं. जास्त गिळली तर नळी झिजली. मग खिशातून दोन गेज निघाले, गोळी बसते ती जागा मोजायचे ठोकळे. ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर अडायला हवा. अडला. शेवटी लाकूड. पुढच्या दस्त्यातून आरपार एक स्क्रू गेलेला असतो, लाकूड फाटू नये म्हणून भारतीय कारखान्याने घातलेला. इथले शौकीन त्याला लाडाने ‘इशी स्क्रू’ म्हणतात. त्याच्या मागे नखाने चाचपत त्यांनी एक बारीक तडा शोधून काढला आणि किंमत चाळीस डॉलरने खाली आणली.

तोवर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, इंडियन माल जरा ओबडधोबडच असतो, नाटोची गोळी झेपते की नाही कोण जाणे. मला काय झालं माहीत नाही. बासष्टचं युद्ध, बदललेलं पोलाद, जास्त दाबाची गोळी झाडून घेतलेली प्रूफ टेस्ट, सगळं एका दमात ऐकवलं. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याकडे जुन्या थ्री नॉट थ्रीच्या काडतुसांचा एक डबा आहे, प्रत्येक काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ कोरलेलं. के.एफ. म्हणजे आपला खडकीचा दारूगोळा कारखाना. खडकी, म्हणजे लोणावळा लोकलमध्ये शिवाजीनगर गेलं की लागते ती. ती काडतुसं कधी कधी उशिरा पेटतात, म्हणून चाप ओढल्यावर आवाज आला नाही तरी नळी निशाण्याकडेच धरून थांबायचं, असं ते सांगतात. सल्ला शंभर टक्के बरोबर. तरीही दरवेळी मला आमच्या खडकीबद्दल वाईट वाटतं.

तर लोखंडाला अर्धा तास. माणसाला? बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३, ड्रायव्हिंग लायसन्स आणि एफबीआयच्या तपासणीचं संगणकावर ‘प्रोसीड’. दहा मिनिटं. तुला शिक्षा झालीय का, तू व्यसनी आहेस का, कोर्टाने तुला वेडा ठरवलंय का, असं फॉर्म विचारतो आणि उत्तर तुम्हीच लिहायचं. ओहायोत बंदूक घ्यायला परवाना लागत नाही, नोंदणी नाही. २०२२ पासून ती कपड्यांखाली लपवून फिरायलाही परवाना लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याच डेटनच्या ऑरेगॉन डिस्ट्रिक्टमध्ये एका पोराने अर्ध्या मिनिटाच्या आसपास नऊ माणसं मारली, त्यात त्याचं सख्खं भावंड. पोलिस तिथेच होते, त्यांनी त्याला लगेच टिपला, तरी नऊ. बंदूक कायदेशीरपणे घेतलेली. ‘समोरच्याकडेही असली की गुंड घाबरतो’ असं लिहिणाऱ्या मित्रांनी त्या गल्लीत एकदा येऊन जावं. कॉफी मी पाजतो.

पण म्हणून दुसऱ्या पार्टीने टाळ्या पिटायचं कारण नाही. आपल्याकडे उलटं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा वाचायला कडक. २०१९ मध्ये माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं केली. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ सामान्य माणसाला बंदच, म्हणजे इशापूरची ही रायफल ओहायोतला कुणीही गिऱ्हाईक घेऊ शकतो, इशापूरचा रहिवासी नाही. पोलिसांचा अहवाल, कलेक्टरची सही, निवडणूक आली की शस्त्र जमा करा. एवढी चाळण लावून शेवटी परवाना मिळाला कुणाला? ज्यांच्या रील्स आपण पाहिल्या त्यांना. कारण आपल्याकडे माणूस तपासतात म्हणजे त्याची ओळख तपासतात. कुणाचा भाचा, कुणाच्या गाडीत बसतो, ‘जिवाला धोका’ या दोन शब्दांमागे कोणाचं पत्र आहे. चेंबरमध्ये गोळी आहे की नाही हे त्याला बघता येतं का, हे विचारायची वेळच येत नाही. आणि ज्यांना खरोखर गरज होती ते? २६/११ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती आणि काहींच्या हातात काठी.

हे ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं: ‘तू तिकडे बसून बोलू नको.’ ते लागतं. दुकानात मी इशापूरचा वकील असतो आणि ग्रुपवर ओहायोचा. दोन्हीकडे फी कुणी देत नाही. ग्रीन कार्डवर होतो तेव्हाही या दुकानातून रायफल घेता आली असती. पण एरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरी या लष्करी तळावर अमेरिकी लष्कराच्या जुन्या गॅरंड रायफली विकतात, तिथे नागरिकच लागतो. प्रत्येक गॅरंडच्या चिठ्ठीवर नळी कुठे किती झिजलीय त्याचे आकडे लिहिलेले असतात. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर आजोबा मला अभिनंदनाचं म्हणून तिकडे घेऊन गेले. रॅकपुढे उभा राहून मी काय विचार करत होतो? भारताचा निळा पासपोर्ट वकिलातीत रद्द करायला दिला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी वरही न बघता शिक्का मारला, तो.

असो. कामाचं बोलू. शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलेलं आहे. बीडच्या त्या परवान्यांपैकी २०१६ नंतरच्या किती फायलींमध्ये ते आहे आणि ते कुणी दिलंय, एवढंच माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जाचा मसुदा मी लिहून ग्रुपवर टाकलाय, त्याला आतापर्यंत दोन अंगठे आलेत. सही तुमच्यापैकी कुणालातरी करावी लागेल. कलम ३ प्रमाणे हा अधिकार नागरिकांना आहे, आणि माझ्याकडे आता फक्त ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते.