12 नव्हे, 12 वाजून 31 मिनिटं

नमस्कार ताई,

दोन स्टार दिलेत, तक्रार नाही. शून्य सावलीवरची माझी पुस्तिका घेऊन 13 मेला तुम्ही सोसायटीतली सात मुलं गच्चीवर नेलीत. बारा वाजता काठीची सावली नाहीशी होईल असं मी छापलं होतं. ती झाली नाही, आणि मुलं तुम्हालाच हसली. "शास्त्रज्ञ म्हणवता आणि एवढंही नीट लिहिता येत नाही?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

पुण्यात त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो तो 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहेत. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्तच, आणि दर अंशाला चार मिनिटं उशीर. मेमध्ये सूर्य घड्याळाच्या चारेक मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा करायची. बाराला तुमच्या फूटभर काठीची सावली चांगली चार सेंटिमीटर पडली असणार.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर जास्त लागलं. कच्च्या खर्ड्यात 'मध्यान्ही' असंच होतं. मुलांना जड जाईल म्हणून मी त्याचं 'दुपारी 12 वाजता' केलं. प्रयोगशाळेत होते तेव्हा माझा मजकूर दोघंतिघं वाचायचे, लाल पेनानं रंगवून परत द्यायचे. आता लिहिणारी, तपासणारी आणि पार्सलला चिकटपट्टी लावणारी मीच. पुढच्या छपाईआधी मजकूर दुसऱ्या जाणकाराकडून पैसे देऊन तपासून घेईन.

मोठ्यांसाठीच्या भागातला 'क्रांती' हा शब्द मात्र राहील. सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, आणि गावाचा अक्षांश जुळले की सावली पायाखाली येते. पंचांगातला जुनाच शब्द आहे. अर्थ एका ओळीत द्यायला हवा होता, तो देते.

पुस्तिकेतलं उत्तरांचं पान कोरं का, असंही तुम्ही विचारलंत. ते ठेवलंय मुद्दाम. त्याबद्दल माफी मागणार नाही.

180 रुपये परत करते, दुरुस्तीचं पानही पाठवते. पुण्यात पुढची शून्य सावली जुलैअखेरीस, पण तेव्हा ढगांपुढे कुणाचं चालतं! त्याआधी ऊन असेल त्या कुठल्याही दिवशी साडेअकरा ते दीड दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. सगळ्यांत आखूड सावली पडेल ती तुमच्या गच्चीची मध्यान्ह.

आणि मुलांना सांगा, हसायचं होतं ते मला.