सहा कोर, तीन चुली आणि जळगावचा मे महिना

जुना पीसी घ्यायला निघालेला आपल्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, कितला कोर शेतस?" (कोर म्हणजे प्रोसेसरमधलं एकेक काम करणारं डोकं.) मदरबोर्ड कोणता, एसएसडी आहे का, पॉवर सप्लाय कसला, हे कोणी विचारत नाही. समोरून "सहा" असं उत्तर आलं की सौदा अर्धा पटलाच म्हणायचा.

सध्या माझ्या इनबॉक्समध्ये एकच विचारणा येतेय. प्रोसेसर इंटेलचा आय३-३२२० घ्यावा की एएमडीचा एफएक्स-६३००? कोणाला गावात ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचंय, कोणाच्या पोरीला टायपिंगचा सराव हवाय, कोणाला अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करायचेत. बजेट सगळ्यांचं सारखंच: कमीत कमी. माझं मत आधीच सांगतो, बहुतेकांनी एफएक्सच्या नादी लागू नये. शिव्या खाली कमेंटमध्ये द्या, पण आधी पूर्ण वाचा.

दोन्ही चिप २०१२ च्या, महिना-दीड महिन्याच्या अंतराने आलेल्या. तेव्हा आय३ चा भाव ११७ डॉलर, एफएक्सचा १३२. कागदावर बघाल तर एफएक्सच भारी. सहा कोर, क्लॉकचा वेग ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बोत (कामाच्या वेळी आपोआप वाढणारा वेग) ४.१, ८ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी), वर मल्टिप्लायर खुला म्हणजे ओव्हरक्लॉक करायची, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची सोय. आय३ बिचारा दोन कोरचा, हायपरथ्रेडिंगने (एका कोरकडून एका वेळी दोन कामं घ्यायची युक्ती) चार थ्रेड, म्हणजे कामाच्या चार रांगा, ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही, कॅश ३ एमबी. दुकानदाराने एवढं वाचून दाखवलं की गिऱ्हाईक खिशात हात घालतंच.

पण ते सहा कोर कसले आहेत ते बघा. एएमडीने त्या काळात दोन-दोन कोरची जोडी लावून एक मॉड्यूल केलं. साध्या पूर्णांकांच्या कामाला प्रत्येक कोरचं आपलं युनिट आहे, पण फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे अपूर्णांकांच्या गणिताचं युनिट दोघांत एक. सूचना उलगडणारा डिकोडरही दोघांत एकच. वाड्यात खोल्या सहा, चुली तीन. याच घराण्यातल्या आठ कोरवाल्या चिपांवरून अमेरिकेत २०१५ मध्ये ग्राहकांनी दावा ठोकला होता, आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली. कोर खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण ते सहा म्हणजे इंटेलचे सहा नव्हेत, एवढं नक्की.

शिवाय एकेका कोरचा जोर. क्लॉकच्या एका ठोक्यात आय३ चा कोर एफएक्सच्या कोरपेक्षा बरंच जास्त काम उरकतो. इतकं, की एकाच थ्रेडच्या कामात ३.३ वाला आय३ हा ४.१ वर पळणाऱ्या एफएक्सच्या पुढे जातो. आणि आपली रोजची कामं याच जातीची: टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये उघडलेलं पोर्टल, पीडीएफ, स्कॅनिंग. टॅलीत व्हाउचर टाकताना बाकीचे पाच कोर काय करणार? (पोर्टल फिरत बसलं तर तो सर्व्हर. त्याला नवा प्रोसेसर घेऊनही इलाज नाही.)

व्हिडिओचं मात्र वेगळं. तिथे एफएक्सला त्याचा मान द्यायलाच हवा. एच.२६४ या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना सगळे कोर कामाला लागतात आणि एफएक्स आय३ ला सरळ मागे टाकतो. जास्त थ्रेड मागणाऱ्या गेममध्येही दोन कोरवाला आय३ अडखळतो, तिथे एफएक्स बरा निभावून नेतो. म्हणून शिरपूर-चोपड्याकडची एडिटिंग करणारी पोरं एफएक्सवर फिदा असतात. त्यांचं चुकतं असं नाही. फक्त ते हिवाळ्यात घेतात.

आता उन्हाळ्याचं बोलू. आय३ चा टीडीपी, म्हणजे पूर्ण लोडवर चिप साधारण किती उष्णता सोडते तो आकडा, ५५ वॅट, एफएक्सचा ९५. वीजबिलाची भीती मला कोणी घालू नये. पूर्ण लोडवर ४० वॅटचा फरक धरला, रोजचे आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस, तरी आठ युनिट होतात. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५ अंश, वर पत्र्याचं छत, आणि कूलरची हवा गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे. कॅबिनेटच्या पंख्याला जी हवा मिळते तीच मुळात तापलेली.

मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या पोराचा एफएक्स उघडला. तक्रार अशी, की एक्स्पोर्ट सुरुवातीला जोरात पळतं आणि मग रांगायला लागतं. घराजवळ जिनिंग. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा करडा थर, नखाने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. खालची, उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट वाळून भुकटी. साफ केलं, नवी पेस्ट लावली, परत एक्स्पोर्ट लावला. थोड्या वेळाने क्लॉक ३.५ वरून धाडकन १.४ वर. प्रोसेसर तर आता तेवढा तापत नव्हता! मग सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, शेजारी बोट नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम, उघडाबोडका होता, त्यावर हीटसिंकच नाही. स्वस्तातला बोर्ड ९५ वॅटचं ओझं काही मिनिटं झेपवायचा आणि मग प्रोसेसरचा लगाम ओढायचा. सहा कोरचे पैसे मोजले, पण १.४ वर ते सहा कोर काय कामाचे?

म्हणून जुन्या चिपचा भाव एकट्या चिपवर ठरवू नका. तिच्यासोबत आणखी काय काय घ्यावं लागतं ते मोजा. एफएक्सच्या आत ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नाही. वेगळं कार्ड घ्या, नाहीतर ७६०जी चिपसेटचा बोर्ड घ्या, ज्याचं ग्राफिक्स २००९ च्या जमान्यातलं. एफएक्स ज्यात बसतो त्या एएम३+ सॉकेटचा धड बोर्ड शोधून सापडत नाही, आणि सापडला तर विकणारा त्याची किंमत जाणतो. सप्लाय बरा लागतो, कूलर बरा लागतो, आणि लाइट गेली की ६०० व्हीएच्या यूपीएसवर फाइल सेव्ह करायला वेळ कमी मिळतो. आय३ मध्ये एचडी २५०० ग्राफिक्स आतच आहे आणि त्याला चालणारे एच६१ चिपसेटचे बोर्ड आजही नवेकोरे मिळतात.

त्या बोर्डाची खरी किंमत पुढे कळते. उद्या आय३ कमी पडला तर त्याच सॉकेटमध्ये आय५-३४७० बसतो. खरे चार कोर, टर्बोत ३.६, ७७ वॅट. हा रोजच्या कामात एफएक्सला मागे टाकतोच, व्हिडिओतही त्याच्या तोडीला उतरतो. खरं तर दोन पैसे जास्त असतील तर आय३ सोडून थेट हाच घ्या. फक्त बोर्ड जुना असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का बघा. सुरुवातीचे एच६१ बोर्ड तिसऱ्या पिढीची चिप (हे आय३ आणि आय५ दोन्ही त्याच पिढीचे) अपडेटशिवाय ओळखत नाहीत. उरलेल्या पैशात एसएसडी टाका. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या वाटेचा) वेग अर्धाच मिळतो, तरी हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला मशीन बदलल्यासारखं वाटतं.

विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोन्ही नाहीत, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेची कामं करणार असाल तर सुरक्षेसाठी विंडोजऐवजी लिनक्सचा विचार करा. एव्हीएक्स२ (नंतरच्या प्रोसेसरांत आलेला सूचनांचा संच) दोघांतही नाही, त्यामुळे काही नवी एडिटिंग सॉफ्टवेअरं दोघांवरही चालायची नाहीत. जुनी आवृत्ती धरून बसायची तयारी ठेवा.

एवढं वाचूनही एफएक्सच घ्यायचा असेल तर निदान सुटी चिप घेऊ नका, चालू सेट घ्या. पैसे देण्याआधी दुपारी, भर उन्हाच्या वेळी जाऊन अर्धा तास एक्स्पोर्ट लावून क्लॉकवर नजर ठेवा. आणि मला "घेऊ का?" असं विचारताना बोर्डाचा फोटो पाठवा, सॉकेटच्या बाजूचा, जवळून काढलेला.