गगनेंद्रनाथांचा काळा

बंगाली चित्रकार गगनेंद्रनाथ टागोरांची व्यंगचित्रं अधूनमधून फेसबुकवर फिरतात, खाली "आजही लागू!" अशा कमेंटा पडतात. लागू आहेतच. पण ती छापली कशी हे पाहिल्याशिवाय त्यांची धार कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकातही त्यांची व्यंगचित्रं येत. पण छटा असलेलं चित्र मासिकात जायचं तर हाफटोन ब्लॉक आलाच. जाळीतून फोटो घेऊन चित्राचे ठिपके करायचे. मग गडद भागातही पांढरे कण उरतात आणि काळ्याचा करडा होतो. गगनबाबूंनी मात्र कलकत्त्यातल्या जोडासांकोच्या घरी शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापायचा लिथो प्रेस, बसवला. १९१७ मध्ये 'विरूप वज्र' आणि 'अद्भुत लोक', १९२१ मध्ये 'नव हुल्लोड', असे व्यंगचित्रांचे संच त्यावर काढले.

शिळाछापासाठी नावाजलेला दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा, चुनखडीचा. (आपल्याकडे रविवर्म्यांचा १८९४ चा गिरगावातला छापखानाही शिळाछापाचाच.) दगड वाळू-पाण्याने घासून सपाट करायचा, तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, वरून डिंकाच्या पाण्यात किंचित नायट्रिक ॲसिड घालून फिरवायचं. मग कोरा दगड पाणी धरतो, रेघ शाई धरते. ॲसिड जास्त झालं की नाजूक छटा उडतात. कमी पडलं की थोड्याच प्रतींत त्या भरून येऊन डाग होतो. शाईचा रूळ फिरवताना दगड सुकला, तर कोऱ्या जागीही शाई चढते. हाताचा नुसता ठसा राहिला, तरी त्वचेच्या तेलामुळे तो छापून येतो! आणि थेट दगडावर काढायचं तर अक्षरांसकट सगळं उलटं.

एवढी कटकट कशासाठी? भरीव, सलग काळ्यासाठी. जातिव्यवस्थेच्या जात्याचं चित्र बघा. वर पोथीवाला भटजी, खाली भरडली जाणारी माणसं. भटजी हास्यास्पद आहेच, पण भीती बसते ती त्या काळ्या वस्तुमानाची. नुसत्या रेघेत काढलं असतं तर ते चांगलं मासिकी व्यंगचित्र झालं असतं, इतकंच.

म्हणून शेअर करताना ब्राइटनेस वाढवून कागद पांढराशुभ्र करू नका. आधी खडूचा रवा जातो, मग करड्या छटा, आणि काळा एकटाच उरून सपाट दिसायला लागतो. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराचं स्कॅन मिळालं तर तेच जसंच्या तसं टाका.