'वय अधिक शंभर': रक्तदाबाच्या एका सोप्या हिशेबाचा प्रतिवाद

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक निरोप गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: साठीनंतर वरचा रक्तदाब 'वय अधिक शंभर' इतका असणे स्वाभाविक आहे, कडक झालेल्या नसांतून मेंदूपर्यंत रक्त पोहोचावे म्हणून शरीर तो मुद्दाम वाढवते, गोळ्या घेऊन तो उतरवला की मेंदू उपाशी राहतो आणि विसरभोळेपणा येतो, एमआरआयमध्ये दिसणारे पांढरे डाग केस पिकण्यासारखेच असतात, आणि तरीही काळजी वाटली तर रक्त पातळ करणारी एक छोटी गोळी रोज घ्यावी. यातील बहुतेक विधानांत सत्याचा एखादा कण आहे, म्हणूनच ती पटतात. मात्र मेंदूतील ज्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे रक्षण केल्याचा आव हा निरोप आणतो, त्यांनाच चढा रक्तदाब वर्षानुवर्षे झिजवत असतो.

पहिला मुद्दा 'वय अधिक शंभर' या हिशेबाचा. हा हिशेब कोणा व्हॉट्सअ‍ॅपवाल्याने रचलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक डॉक्टरही तो मानत असत. ज्याचे वेगळे कारण सापडत नाही अशा रक्तदाबाला इंग्रजीत 'इसेन्शियल', म्हणजे जणू आवश्यक, म्हटले जाई आणि तो उतरवू नये असे मत प्रचलित होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेला, तरी त्यांची प्रकृती वयाच्या मानाने ठीक असल्याचे त्यांचे वैद्य सांगत राहिले. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वयाच्या 63व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 इतका नोंदला गेला. त्या काळी प्रभावी औषधे नव्हती, हे खरे. आज ती आहेत, आणि तरीही आपण तोच जुना हिशेब एकमेकांना पाठवत आहोत. शिवाय वयाबरोबर रक्तदाब चढणे हा निसर्गनियमही नाही. 32 देशांतील 52 ठिकाणी झालेल्या आणि 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' पाहणीत ब्राझीलच्या जंगलातील यानोमामी लोकांचा सरासरी रक्तदाब सुमारे 96/61 आढळला आणि वयानुसार तो जवळपास वाढत नव्हता. त्यांच्या आहारात मीठ नसल्यातच जमा आहे. आपल्याकडे रक्तदाब वयाबरोबर चढताना दिसतो, याचा अर्थ तो चढणे योग्य आहे असा होत नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गोळी बंद करण्याचे धाडस लोक त्याच्याच आधारे करतात: रक्तदाब उतरवला की मेंदू उपाशी राहतो. यासाठी मेंदूची रचना थोडी समजून घ्यावी लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांतून मिलिमीटरच्या अंशाइतक्या बारीक वाहिन्या जवळजवळ काटकोनात फुटतात आणि थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात. मोठ्या धमनीतला दाब हळूहळू कमी होण्याइतके अंतरच त्यांच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे प्रत्येक ठोक्याचा तडाखा त्यांना जवळपास पूर्ण जोराने सोसावा लागतो. वर्षानुवर्षे असे चालले की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते आणि भिंतींतून द्रव झिरपू लागतो. एखादी वाहिनी बंद पडली तर तिच्या भागाला रक्त पुरवणारी दुसरी वाट सहसा नसते, आणि तेथे काही मिलिमीटरची पोकळी उरते. म्हणजे चढा दाब अरुंद वाटेतून रक्त पुढे ढकलतो हे निरोपातले चित्र उलटे आहे, कारण ती वाट बऱ्याच अंशी त्या दाबानेच अरुंद केलेली असते.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील 'स्प्रिंट' या चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण हृदयविकाराचा धोका असलेल्या 9,361 लोकांचे दोन गट केले गेले; एका गटाचा वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणि दुसऱ्याचा 140 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. ज्यांचे एमआरआय पुन्हा काढले, त्यांच्यात सुमारे चार वर्षांत पांढऱ्या डागांची, म्हणजे सूक्ष्म वाहिन्या झिजल्याच्या खुणांची, वाढ पहिल्या गटात 0.92 घनसेंटिमीटर, तर दुसऱ्यात 1.45 घनसेंटिमीटर इतकी झाली. बोधनक्षमतेतील, म्हणजे विचार करण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या क्षमतेतील, सौम्य घट पहिल्या गटात 19 टक्क्यांनी कमी आढळली. आणि मेंदूच्या उपासमारीचे काय? याच चाचणीतील 289 जणांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजून 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रक्तदाब अधिक खाली आणलेल्या गटात हा प्रवाह घटला तर नाहीच, उलट वाढला.

चाचणीचे जे निष्कर्ष माझ्या बाजूने नाहीत, तेही येथेच सांगितले पाहिजेत. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण पहिल्या गटात कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर खात्रीचा ठरला नाही. आणि त्या गटात मेंदूचे एकूण आकारमान किंचित अधिक घटले, ज्याचा अर्थ अद्याप स्पष्ट नाही. स्मृतिभ्रंशाबाबतची उणीव चीनच्या ग्रामीण भागातील एका मोठ्या चाचणीने बरीच भरून काढली. 326 गावांतील सुमारे 34,000 लोकांच्या या अभ्यासात, जेथे गावातल्या वैद्यकीय सेवकांनी स्वस्त औषधे देऊन नेटाने रक्तदाब आटोक्यात ठेवला, तेथे चार वर्षांत स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी झाला. त्यासाठी ना मोठे रुग्णालय लागले, ना महागडे यंत्र.

तिसरा मुद्दा पांढऱ्या डागांचा. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 60 ते 90 वयोगटातील लोकांचे एमआरआय काढले असता 95 टक्क्यांच्या मेंदूत थोडेफार डाग दिसले. म्हणून एखाददुसऱ्या ठिपक्याने घाबरू नये, हे निरोपाचे म्हणणे योग्यच आहे. परंतु तुरळक ठिपके आणि एकमेकांत मिसळून पसरलेले चट्टे यांत फार अंतर आहे, आणि पिकलेल्या केसाने काहीही बिघडत नाही, तसे या चट्ट्यांचे नसते. त्याच रॉटरडॅमच्या अभ्यासात, ज्यांना कधी पक्षाघात झाल्याचे जाणवलेही नव्हते पण एमआरआयमध्ये त्याच्या लहान खुणा होत्या, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून अधिक होता.

सूक्ष्म वाहिन्यांच्या या विकाराची सुरुवात अनेकदा विसरण्याने होत नाही, आणि तेथेच घरची माणसे फसतात. माझ्या आईला 72व्या वर्षीही सगळ्या भाचवंडांचे वाढदिवस तोंडपाठ होते. पण त्या गणेशचतुर्थीला, चाळीस वर्षे केलेल्या मोदकांसाठी आधी सारण करायचे की उकड काढायची, हे ठरवता न येऊन ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली. तिची पावले आखूड झाली होती, बोलण्याआधी ती बराच वेळ घेत असे, आणि तिला कशाचा उत्साह राहिला नव्हता. कामांचा क्रम लावणे, विचारांचा वेग, चाल, मनःस्थिती आणि लघवीवरचे नियंत्रण यांवर सूक्ष्म वाहिन्यांच्या विकाराचा परिणाम आधी दिसू शकतो. तिचा वरचा रक्तदाब तेव्हा 164 होता. 72 अधिक 100 म्हणजे 172, असा हिशेब आम्ही घरात बसून केला आणि निश्चिंत झालो. तो हिशेब आम्ही केला नसता, तर किती फरक पडला असता हे मला सांगता येणार नाही; पण तो अन्य कोणी करू नये, यासाठी हे लिहीत आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल थोडक्यात सांगता येते. 19,114 निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या 'अ‍ॅस्प्री' चाचणीत रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेऊन स्मृतिभ्रंश टळला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांच्या सूक्ष्म वाहिन्या आधीच झिरपत आहेत, त्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करणे म्हणूनच अधिक काळजीचे आहे. मात्र ज्यांना पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवलेला आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यांनी हे वाचून आपली गोळी थांबवू नये.

निरोपातील एक भीती मात्र खरी आहे. जुना रक्तदाब असलेल्या मेंदूला चढ्या दाबाची सवय झालेली असते. तो एकाएकी खूप खाली आणला तर चक्कर येते, तोल जातो, आणि सत्तरीतल्या माणसाचे माकडहाड किंवा खुब्याचे हाड मोडते. त्यामुळे मात्रा आठवड्या-आठवड्याने वाढवावी लागते, आणि बसून घेतलेल्या मोजणीनंतर उभे राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा रक्तदाब मोजावा लागतो. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक घसरत असेल, तर डॉक्टरांना ते सांगून औषध किंवा त्याची मात्रा बदलून घ्यावी. अतिशय अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी उद्दिष्टही वेगळे ठरते. पण ऐंशी ओलांडलेल्या 3,845 लोकांच्या 'हायव्हेट' चाचणीत 150/80 या सौम्य उद्दिष्टानेही मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्या वयाला हा निरोप 180 चालवून घेतो, तेच हे वय आहे.