कमानीला निधी आहे, शाळेच्या लाईट बिलाला नाही

आज सकाळी गावच्या ग्रुपवर दोन फोटो आले.

पहिला वेशीतल्या स्वागत कमानीच्या भूमिपूजनाचा. फेटे, हार, नारळ, टिकाव धरून कॅमेऱ्याकडे बघणारे दहाबारा पुरुष. खाली लिहिलेलं, 'जिल्हा नियोजनमधून भरघोस निधी मंजूर करून दिल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार.' दुसरा फोटो थोड्या वेळानं शाळेच्या बाईंनी टाकला. मीटरच्या पेटीचा, वायर सोडलेली. खाली एवढंच, 'शाळेची वीज पुन्हा खंडित झाली आहे. पालकांनी शक्य तेवढी मदत करावी ही विनंती.'

पहिल्या फोटोखाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. बाईंच्या फोटोखाली संध्याकाळपर्यंत एकाचंही काही नाही. म्हणून लिहायला बसलेय. रागात आहे, लांबेल.

माझी पुतणी त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे. दिवाळीत गावी गेले तेव्हा वहिनी सहज बोलून गेली, "हिची पाण्याची बाटली रोज जशीच्या तशी परत येते बघा ताई. दिवसभर घोटभर पाणी पीत नाही पोरगी." रात्री ती माझ्याजवळ झोपली होती, तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "आत्या, पाणी प्यायलं की जावं लागतं. संडासात पाणी नसतं." लाईट नाही म्हणून मोटार नाही, मोटार नाही म्हणून टाकी कोरडी. पोरं मागं ओढ्याकडं जातात. मुलींनी कुठं जायचं? म्हणून ह्या मुलींनी आपापसात ठरवून टाकलंय, पाणीच प्यायचं नाही. सातवीतल्या मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि पुष्कळदा परत येत नाहीत.

अकरा-बारा वर्षांच्या मुली तहान मारायला शिकल्यात. आणि आपण कमान बांधतोय.

आता कुणी म्हणेल, कमानीचा निधी वेगळा, शाळेचा वेगळा, हेड, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं असतं, हे पैसे तिकडं वळवता येत नाहीत. माहीत आहे मला. हे उत्तर ऐकून ऐकून कान किटलेत. हेड काय आभाळातून पडतं का? जिल्हा वार्षिक योजनेत, म्हणजे ह्याच जिल्हा नियोजनच्या पैशात, कशासाठी किती ठेवायचं हे दरवर्षी माणसंच बसून ठरवतात. तीन-तीन तास बैठक चालते, चहा-बिस्किटं होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात कोटींचे आकडे येतात. त्या आकड्यांत रस्ता असतो, पेव्हर ब्लॉक असतात, हायमास्ट असतो, सभामंडप असतो, संरक्षक भिंत असते. शाळेच्या नावानं काही असलंच तर नवीन खोली असते, म्हणजे तेही बांधकामच. बांधलेलं चालवायला जे लागतं, वीज, पाणी, झाडलोट, फुटलेली कडी, गळणारा नळ, त्याचं नाव कुणी घेत नाही. लाईट बिलावर कोनशिला लावता येत नाही. त्याचं टेंडर निघत नाही. त्यात कुणाचा पाहुणा ठेकेदार होत नाही.

शाळेला मिळतं काय ते सांगते. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान असतं, तेही पटावर. ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये. ३१ ते १०० असतील तर २५,०००. आमच्या शाळेचा पट सत्तरच्या आसपास, म्हणजे कागदावर २५,०००. महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. त्यात खडू, रजिस्टर, छपाई, किरकोळ दुरुस्ती, रंगाचा हात, आणि त्यातलाच किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. वीजबिलही त्यातच. बिलातला स्थिर आकार उन्हाळ्याच्या सुट्टीतही चुकत नाही, शाळा बंद असो नाही तर उघडी. आणि हे अनुदान जूनमध्ये शाळा भरते तेव्हा येत नाही हो. आमच्याकडं येतं तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं, कधी अर्धंच येतं, आणि आल्या आल्या आठवड्यात खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे खर्चल्याचा कागद, द्या म्हणून तगादा. शाळेच्या किरकोळ खर्चाला सादिल म्हणून जे मिळायचं त्याची वाट बघणं तर मास्तर लोकांनी कधीच सोडून दिलंय. मग बिल थकतं, लाईनमन येतो, वायर सोडतो. त्या बिचाऱ्याला तरी काय बोलणार, त्याच्यावर वसुलीचा दट्ट्या आहे.

आणि बाई? बाईंबद्दल लिहायला घेतलं की माझा राग उतरतो. गेल्या खेपेला वीज तोडली तेव्हा बिल त्यांनी स्वतःच्या पगारातून भरलं होतं. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. वहिनीला कळलं ते त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेली तेव्हा, बोलता बोलता. टाकी कोरडी दिसली की सकाळी दोन बादल्या त्या समोरच्या घरातून स्वतः आणून ठेवतात, मुलींसाठी म्हणून. दोन बादल्या किती पुरणार? पहिल्या सुट्टीपर्यंत. त्यांची नोकरी शिकवायची आहे. पावसाळ्यात ढग भरून आले की वर्गात अंधार होतो, मग त्या सगळ्या पोरांना दारात, व्हरांड्यात घेऊन बसतात आणि स्वतःच्या मोबाईलवर कविता ऐकवतात. शाळेला डिजिटल वर्ग म्हणून टीव्ही आहे, गावानं वर्गणी काढून घेतलेला. त्यावर कापड घातलेलं आहे. कापड मात्र स्वच्छ धुतलेलं असतं.

हा टीव्ही दिला तेव्हाही भूमिपूजनासारखाच फोटो निघाला होता. एकदाच द्यायचं असलं की गावही पुढं येतं. महिन्या महिन्याला द्यायचं म्हटलं की ग्रुपवर शुकशुकाट. हे मी माझ्याच माणसांबद्दल बोलतेय, माझ्या दादाबद्दलसुद्धा. सकाळी फोन केला तर म्हणाला, "अगं कमान झाली तर गावाची शोभाच वाढंल की." मी म्हटलं, दादा, तुझी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. गप्प झाला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ते 'बायकांचं' म्हणून घरातच राहिलं होतं.

तर विचारायचं कुणाला? इथं मला खरा संताप येतो.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, १९६१ च्या कायद्यानं. कशासाठी? शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता ह्याचा निर्णय मुंबईत न होता जिल्ह्यात व्हावा आणि जो निर्णय करेल त्याला गावातला माणूस पारावर गाठून जाब विचारू शकावा, म्हणून. माझ्या लहानपणी झेडपीचे मेंबर गावात आले की आमचे आजोबा त्यांना उभ्या उभ्या सुनवायचे. शाळेचे पत्रे उडाले होते तेव्हा त्यांनी मेंबरला शाळेत नेऊन आभाळ दाखवलं होतं. तो माणूस काही फार मोठा सज्जन नव्हता. पण सर्वसाधारण सभेत उठून बोलला आणि पत्रे आले.

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला, गट-गणांची म्हणजे मतदारसंघांची रचना, तारखांवर तारखा. राज्यघटना म्हणते पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. आमच्याकडं वर्षामागून वर्षं गेली आणि कारभार प्रशासकाच्या, म्हणजे नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, हातात राहिला. ना शिक्षण समिती, ना सभापती, ना सर्वसाधारण सभा. सगळ्यांचे अधिकार एका सहीत. जिल्हा नियोजन समितीचं तर त्याहून वाईट. घटनेनं सांगितलंय की ह्या समितीचे निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे. निवडून आलेले सदस्यच नव्हते म्हटल्यावर राहिलं कोण? अध्यक्ष म्हणून पालकमंत्री, सचिव म्हणून जिल्हाधिकारी, आणि आमदार-खासदार. आमच्या शाळेत पाणी नाही हे त्या खोलीत कोण सांगणार होतं? आमदारांच्या मतदारसंघात शेकड्यांनी शाळा असतात. त्यांना कमान दिसते, कारण कमान मागायला माणसं गाडी करून जातात. पाणी मागायला पुतणी जाणार आहे का?

वर आणखी एक. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून गावाच्या पातळीवर ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला अशी वाटणी ठरलेली होती. आणि आयोगाची अट अशी होती की लोकांनी निवडलेली संस्था नसेल तर अनुदान नाही. म्हणजे निवडणुका घ्यायच्या कुणी? राज्य निवडणूक आयोगानं आणि सरकारनं. घेतल्या नाहीत कुणी? आयोगानं आणि सरकारनं. आणि पैसे अडले कुणाचे? सहावीतल्या पोरीचे. ह्यात तिचा काय दोष आहे, मला एकानं तरी सांगा.

हो, मेंबर होते तेव्हाही सगळं आबादीआबाद नव्हतं, निम्मे तर स्वतःच ठेकेदार होते. कबूल. काही जिल्ह्यांत प्रशासकांनी चांगली कामं केली तीही कबूल. रस्ते लागतात, त्यालाही माझी ना नाही, त्याच रस्त्यानं मी गावी जाते. पण साहेब बदलून गेले की चांगलं काम त्यांच्याबरोबर जातं, आणि गावातल्या बाईला कुणाच्या दारात उभं राहायचं तेच ठाऊक नसतं.

'झेडपीच्या शाळेत पटच नाही, कशाला खर्च करायचा' असं म्हणणारे माझ्याही ओळखीत आहेत. त्यांना एकच सांगते. दुपारनंतर मुली घरी जातात, वर्गात अंधार असतो, टीव्ही कापडाखाली असतो, मग ज्याला परवडतं तो पालक पोरगं पिवळ्या गाडीत बसवून तालुक्याला धाडतो. पट असा कमी होतो. आणि कमी पटाला कमी अनुदान. ३० च्या खाली गेलो की २५ चे १० हजार होतील. लाईटचं बिल काही त्या हिशोबानं कमी होत नाही. आणि ज्यांची पोरं मागं राहतात ती कुणाची असतात ते तुम्हाला माहीत आहे. मजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, आणि ज्या घरांत मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला गावातली असं ठरलेलं असतं, त्या मुली.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सगळ्या शाळांना स्वच्छतागृहं द्या म्हणून आदेश दिला. आमच्या शाळेत स्वच्छतागृह आहे की! गुलाबी रंगाचं, बाहेर मुलीचं चित्र काढलेलं. अहवालात 'आहे' समोर खूण झालेली असणार. पाणी आहे का, असा रकाना असेल तर नळ बघून तिथंही 'आहे' झालं असणार. त्या नळाला पाणी येतं का हे बघायला मधल्या सुट्टीत कुणी साहेब आलेला नाही.

थोडी शांत झाले लिहिता लिहिता. बाईंना फोन केला मघाशी. आजच्या बिलाचे पैसे मी आणि दोन मैत्रिणी मिळून भरतोय, पण बाईच म्हणाल्या, "ताई, ह्या महिन्याचं झालं. पुढच्या महिन्याचं काय?" बरोबर बोलल्या. आम्ही पुण्यात बसून दर महिन्याला बिल भरणं हा उपाय नाही. मला तर त्याची लाजच वाटते, कारण मग जिल्ह्याला मोकळंच रान. वर्गणीतून भागतंय म्हटलं की मागणी संपली.

म्हणून ठरलंय ते असं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या बायका असायलाच पाहिजेत असा कायदा आहे. आमच्याकडं त्या बायका आजवर सहीपुरत्या होत्या. वहिनीही त्यात आहे. पुढच्या बैठकीत ती ठराव मांडणार आहे की वीज आणि पाण्याचा वर्षाचा खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यात धरा आणि शाळेवर सोलर बसवायचा प्रस्ताव जिल्हा नियोजनकडं पाठवा. तिथं तरी फोटोपुरतं काहीतरी आहे, द्या म्हणावं. तो ठराव घेऊन ग्रामसभेत जायचं. सोबत जिल्ह्याला माहितीच्या अधिकारात अर्ज, की गेल्या तीन वर्षांत आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या वीज-पाण्यासाठी किती निधी मंजूर झाला आणि कमानींसाठी किती. वहिनी आधी घाबरली, "मी कुठं बोलणार ताई एवढ्या माणसांत." मग पुतणीच म्हणाली, "मी लिहून देते, तू वाच." लिहून दिलंय तिनं. वहीच्या पानावर, तारीख घालून.

ग्रामसभेला मी जाणार आहे. ज्यांचं गाव जवळ आहे त्यांनी आपापल्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत जाऊन या, आणि नळ सोडून बघा. पाणी आलं नाही तर मला कळवा, माहितीच्या अर्जाचा मसुदा पाठवते. गावाचं आणि शाळेचं नाव बदललं की झालं.